उठलेला गडी

ती मॅच कॉलेजने जिंकली तर दीनानाथ आठल्यांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. मुलाला रेल्वेत नोकरी. मुलाला नोकरी म्हणजे लोणावळ्याच्या कॉलनीतलं क्वार्टर हातचं जात नाही. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पडवी, मागे पपईची दोन झाडं, आणि घरातला नळ. हा नळ हलका धरू नये. ज्या गावात श्रावणात भिंतींना शेवाळ चढतं, त्याच गावात वैशाखात बायका घागरी घेऊन विहिरीवर ताटकळतात; आणि आठल्यांच्या अरुंधतीबाई तिथे एकदाही ताटकळल्या नव्हत्या. याशिवाय, दापोलीकडे थोरल्या भावाच्या घरी माळ्यावरच्या खोलीत म्हातारपण काढण्याचं टळणार होतं, ही जमा वेगळीच.

दीनानाथ स्टेशनावर मालाच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि येत्या उन्हाळ्यात रिटायर व्हायचे होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, असा कायदा. घरातलं दुसरं कोणी रेल्वेत असेल तर सोडायचं नाही, हाही कायदाच. दुसरं कोणी म्हणजे एकुलता एक त्र्यंबक. तो पुण्याच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. नुसत्या बी.ए.ला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. पण खेळाडूसाठी रेल्वेला बाजूचं एक दार होतं आणि त्या दाराशी मुंबईचे पेस्तनजी साहेब बसत. त्यांना रेल्वेच्या टीममध्ये घालायला पोरं हवी असत. त्र्यंबक बास्केटबॉल खेळत असे. हा शब्द लोणावळ्याच्या बाजाराच्या तोंडात नीट बसत नव्हता. बाजार त्याला टोपलीचा खेळ म्हणे.

कॉलेजची त्या हंगामातली पहिली मॅच, ती लोणावळ्याच्या रेल्वेच्या इंजिनशेडच्या टीमशी, आणि तीही पेस्तनजी साहेब इन्स्पेक्शनला आलेले असताना: या तीन गोष्टी एका रविवारी जुळवायला दीनानाथांनी दसऱ्यापासून पत्रं लिहिली होती. रेल्वेच्या टीमला हरवून रेल्वेत शिरायचं, ही तऱ्हा अरुंधतीबाईंना उफराटी वाटली. दीनानाथांचं म्हणणं, साहेब हरणाऱ्याकडे मान वळवून बघत नाही. आणि त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही: साहेब लोक मॅच डोळ्यांनी बघतात, पण निकाल कानांनी लावतात. कॉलनी सगळी शेडची. आरडाओरडा होणार तो शेडच्या बाजूने. मग आपल्या बाजूचा गलका कुठून आणायचा?

तो त्यांनी नवलाख उंबऱ्याहून आणला.

मागे दीनानाथांची नेमणूक तळेगाव स्टेशनावर होती, तेव्हा शाळकरी त्र्यंबक सुट्टी लागली की जवळच्या नवलाख उंबरे गावात पळायचा. तिथे भिमाजी बधाल्याचा हुतुतूचा संघ होता. भिमाजीने या बामणाच्या पोराला मातीत लोळवलं, दम कोंडायला शिकवला आणि आपला गडी तिर्‍या म्हणून चार जत्रांतून फिरवला. त्या भिमाजीला दीनानाथांनी निरोप धाडला की त्र्यंबकची मॅच आहे, माणसं घेऊन या, आणि घसा घरी ठेवू नका. भिमाजीने मोबदला काही मागितला नाही. साहेब खरंच बघणार का, आणि पोरगं जिंकलं तर उंबऱ्याचं नाव निघंल का, एवढंच विचारलं. दीनानाथ म्हणाले, निघेल. असं म्हणायला त्यांना काही पैसे पडत नव्हते.

रविवारी सकाळच्या गाडीने ती मंडळी उतरली. डोक्याला पटके, फडक्यात भाकरी, आणि चेहऱ्यावर जत्रेला आल्याची तयारी. दीनानाथ त्या वेळी मालाच्या डब्यांची सीलं तपासत होते. भिमाजीने त्यांना गाठून विचारलं की ह्यो खेळ असतो कसा, म्हंजी ओरडायचं कवा ते कळंल. दीनानाथांनी डब्यावरची नजर न काढता सांगितलं की टोपलीत चेंडू पडला की ओरडायचं. आणि अंगाला अंग लावलं तर ती चूक. चार चुका झाल्या की गडी मेला, त्याने बाहेर बसायचं.

"म्हंजी हुतुतूसारकंच की," भिमाजी म्हणाला.

"तसंच समजा," दीनानाथ म्हणाले, आणि पुढच्या डब्याकडे गेले.

या दोन शब्दांची किंमत पुढे बरीच झाली, म्हणून ते इथे नोंदवले. ज्यांना हुतुतू ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, पण त्या खेळात मेलेला गडी कायमचा मरत नाही. तो रेघेबाहेर उकिडवा बसतो आणि समोरच्या बाजूचा गडी मेला की इकडचा उठतो, मैदानात येतो, जणू काही झालंच नाही. बास्केटबॉलमध्ये चार चुका झालेला गडी कपडे घालून घरी गेला तरी चालतो. त्याला उठवणारा कोणी नसतो.

दुपारी मैदानावर कळलं की कॉलेजची अर्धीच टीम आली आहे. उरलेली पोरं पुणे स्टेशनावर चहा पीत बसली आणि गाडी सुटली. पुण्याचे पंचही त्यांच्यातच होते. म्हणजे कॉलेजकडे मोजून पाच गडी आणि पंच कोणी नाही. शेडची मंडळी खुशीत आली. मॅच रद्द होते की काय, म्हणून दीनानाथ एकदा साहेबांच्या खुर्चीकडे आणि एकदा पुण्याच्या रुळांकडे बघू लागले. तेवढ्यात भिमाजीने आपल्या घोळक्यातून दत्तोबा मास्तरांना पुढे केलं. मास्तर तळेगावच्या एका शाळेत ड्रिल शिकवायचे. मावळात कुठेही हुतुतूचा सामना असो, पंच दत्तोबा मास्तर, हे ठरलेलं. दोन्ही गावांची डोकी फुटायची वेळ आली तरी मास्तरांचा निकाल कोणी मोडत नसे. आणि मागच्या उन्हाळ्यात शाळेने त्यांना पुण्याला या नव्या खेळाचं शिक्षण घ्यायला पाठवलं होतं. तिथून ते एक सर्टिफिकेट आणि एक चकचकीत शिट्टी घेऊन आले होते. दोन्ही बाजूंनी मान डोलावली. मास्तरांनी टोपी सारखी केली आणि शिट्टी फुंकली.

कॉलेजने त्या दिवशी जो खेळ केला, त्याला खेळ म्हणणं हा कॉलेजचा मान राखणं आहे. चेंडू आपल्या माणसाला द्यायचा, तो समोरच्याच्या हातात. टोपलीखाली उभं राहून फेकलेला चेंडू खांबाला लागून परत. एकाच्या बुटाचे बंद सुटले, तर ते बांधायला तो चेंडू हातात असतानाच वाकला. उंबऱ्याची मंडळी सुरुवातीला प्रत्येक उडीला ओरडत होती, मग प्रत्येक चुकीला, मग गप्पच झाली. शेडचा डिकॉस्टा म्हणून एक ताडमाड फिटर होता. मधल्या रेघेवर चेंडू वर उडवला की तो नुसता हात वर करायचा आणि चेंडू आपणहून त्याच्याकडे यायचा. भिमाजीच्या माणसांना हा अन्याय वाटला. एवढ्या उंच माणसाला खेळायला घेतातच कशाला, असं ते आपसांत म्हणाले.

त्र्यंबक तेवढा पळत होता. पण पळताना त्याचं अर्धं लक्ष साहेबांच्या खुर्चीकडे. साहेब बघताहेत असं वाटलं की तो दुप्पट जोराने घुसायचा, आणि घुसला की कोणाला तरी धक्का. एक चूक, दुसरी, तिसरी. उत्तरार्धात कॉलेजने कशीबशी बरोबरी गाठली आणि त्याच झटापटीत त्र्यंबकचं कोपर शेडच्या एका गड्याच्या छातीत बसलं. मास्तरांची शिट्टी. चौथी चूक. त्र्यंबक बाहेर. बदली गडी नव्हताच, म्हणून कॉलेजचे उरले चार.

त्र्यंबक दोरीबाहेर येऊन उंबऱ्याच्या घोळक्यापुढे बसला. दीनानाथ साहेबांच्या खुर्चीमागे उभे होते. तिथून त्यांना मुलाची पाठ तेवढी दिसत होती.

उरलेल्या चौघांनी मात्र बरोबरी टिकवून धरली. मॅच संपत आलेली. डिकॉस्टाने चिडून कॉलेजच्या पोराचा हात धरला आणि मास्तरांनी शिट्टी मारून त्याला चार बोटं दाखवली. डिकॉस्टाही बाद. शेडचा बदली गडी आत आला. सगळं नियमाप्रमाणे.

आणि उंबऱ्याची पंचवीस-तीस माणसं एकदम उभी राहिली. "उटला! तिर्‍या उटला!" त्यांच्या लेखी यात वाद नव्हताच. समोरचा गडी मेला, आपला उठला. भिमाजीने त्र्यंबकच्या दंडाला धरून त्याला उभं केलं.

"ऊट लेका. जिता झालास. बसलायस काय?"

मास्तरांनी वळून पाहिलं. समोर ओळखीची माणसं, ओळखीचा आरडाओरडा आणि रेघेबाहेर बसलेला एक गडी. आयुष्यभर ज्या प्रसंगी त्यांचा उजवा हात वर जाऊन बाहेरच्या गड्याला आत बोलवत आला होता, तो प्रसंग हुबेहूब. हात वर गेला. मास्तरांना विचारून गेला नाही, पण गेला.

त्र्यंबकला नियम पाठ होता. त्याने बापाकडे पाहिलं. दीनानाथांनाही नियम पाठ होता. मुलाने सुट्टीत आणलेलं नियमांचं पुस्तक त्यांनी पडवीत बसून दोनदा वाचलं होतं. त्यांनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. धोतराचा सोगा सारखा केला आणि साहेबांना काही हवं-नको विचारायला वाकले. ते वर बघेपर्यंत त्र्यंबक मैदानात होता.

शेडचा कॅप्टन मास्तरांच्या अंगावर धावून आला, पण त्या गलक्यात कोणाचं काय ऐकू येणार. चेंडू त्र्यंबककडे आला. तो एकाच्या बगलेखालून निसटला, दुसऱ्याला हुलकावणी दिली. ती हुलकावणी नवलाख उंबऱ्याच्या मातीतली होती, कॉलेजची नव्हती. मग टोपलीखाली उडी. चेंडू कड्यावर नाचला, जाईन की न जाईन असा विचार केला, आणि गेला. शिट्टी. कॉलेज एका टोपलीने जिंकलं.

जिंकल्यावर आनंद व्हावा. झालाही, तासभर. उंबऱ्याच्या लोकांनी त्र्यंबकला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. पेस्तनजी साहेब 'छान, छान' म्हणून चहाला गेले. पण परतीच्या गाडीची वाट बघत ही मंडळी प्लॅटफॉर्मवर टेकली, तशी एकेकाला आत कुठेतरी टोचायला लागलं. आपला तिर्‍या जिंकला खरा, पण बाकीची पोरं ही असली? चेंडू धरता येत नाही, एकमेकाला हाक मारता येत नाही. हा पहिला सामना, अन् समोर शेडची फावल्या वेळात खेळणारी माणसं. पुढे मोठमोठ्या टीमा येणार, तेव्हा काय? एकाने तर सुचवलं की पुढच्या वेळी पोरांना आठ दिवस उंबऱ्याला ठेवून घ्यावं. भिमाजीने भाकरीचं रिकामं फडकं झटकलं. मग म्हणाला की जिंकलं ते बरं झालं, पन असं जिंकल्यावर झोप लागत न्हाई.

बाजारात दुसऱ्या दिवसापासून जो तो तज्ज्ञ. न्हाव्याकडे दाढी अर्धी राहायची आणि वस्तरा हवेत टोपली दाखवायचा. किराणावाला म्हणे, चौघं खेळत होते तेव्हाच बरे खेळत होते, पाचवा आला आणि नशिबाने जमलं. शेडची माणसं म्हणत, मेलेल्या माणसाने टोपली मारली, असली मॅच आम्ही जिंकलो असतो तर तोंड दाखवलं नसतं. बाजारातले हुतुतूवाले म्हणत, उठला तो उठला, पंचांनी हात केला, आता रडता कशाला. विलायतेच्या राजाने गादी सोडल्याची बातमी आली, तेव्हाही गुळाच्या दुकानात आधी मॅचचा विषय संपवला गेला आणि मग राजाकडे वळले. कॉलेजची जीत ज्यांना हवी होती, ते सर्वांत जास्त कुरकुरत होते. हरले असते तर एकदाच वाईट वाटून मोकळे झाले असते. जिंकले म्हणून रोज नव्याने तपासून पाहावं लागत होतं.

दीनानाथांचं तर कशातच लक्ष लागेना. मुंबईच्या टपालाची पिशवी फलाटावर पडली की ते खुर्चीतून उठायचे, आणि आपल्या नावाचं काही नाही हे कळलं की तेच डबे पुन्हा मोजायचे. घरी जेवताना भात कालवून तसाच ठेवायचे. मागच्या पपईला पाणी घालायला जायचे आणि भरलेली बादली तशीच घेऊन परत यायचे. साहेबांना नियम माहीत असेल का? माहीत असला तर त्यांनी तेव्हाच का नाही विचारलं? नसला तर उत्तर का येत नाही? त्र्यंबकची दोन पत्रं आली. त्यात अभ्यास, थंडी आणि कॉलेजची पुढची मॅच सपाटून हरल्याची बातमी होती. लोणावळ्याच्या मॅचबद्दल अक्षर नव्हतं.

एक दिवस अरुंधतीबाईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "अहो, तो आत गेला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना?"

दीनानाथ म्हणाले की पंचांनी बोलावलं म्हणून तो गेला.

"ते सगळ्या गावानं पाहिलं. मी तुम्हाला ठाऊक होतं का ते विचारलं."

दीनानाथ ऑफिसला गेले. त्या दिवशी सुट्टी होती, हे त्यांना स्टेशनावर पोचल्यावर आठवलं.

शेवटी पेस्तनजी साहेब स्वतःच आले. घाट उतरण्याआधी गाडी थांबली तेवढ्यात त्यांनी दीनानाथांना वेटिंग रूममध्ये बोलावून घेतलं. साहेबांच्या हातात शेडवाल्यांचा तक्रारअर्ज होता, कॅप्टनपासून डिकॉस्टापर्यंत सगळ्यांच्या सह्यांचा. साहेब रागावलेले नव्हते. त्यांना गाडी पकडायची होती.

"हे पाहा आठल्ये, तुमचा पोरगा मला पाहिजे. पळतो चांगला, हुलकावणी झकास देतो. मॅच कोण जिंकला, मला त्याच्याशी काय करायचं? पण अर्जी आली. अर्जीला उत्तर द्यावंच लागते. चूक कोणाची झाली, एका ओळीत लिहून द्या, मी फाईल बंद करतो."

दीनानाथांपुढे तीन नावं होती. एक मुलाचं. ते लिहिलं तर साहेबांना नको असलेलं उत्तर मिळणार. दुसरं भिमाजीच्या लोकांचं. पण मग त्यांना असं कोणी सांगितलं, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मालाच्या डब्यापाशी उभं होतं. तिसरं नाव होतं, त्याच्यापुढे कुठलाच प्रश्न निघत नव्हता. दीनानाथांनी टाक घेतला आणि लिहिलं की पंच दत्तोबा मास्तर यांनी हात वर करून सदर खेळाडूस आत बोलावले. यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यामुळे लिहायला फार सोपं गेलं. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि गाडीत चढले.

ती ओळ मुंबईहून पुण्याला गेली. जिथून मास्तरांना सर्टिफिकेट मिळालं होतं तिथून त्यांना विचारणा झाली. मास्तरांनी उलट टपाली कळवलं की होय, हात मी केला, हुतुतूतल्या सवयीने झाला, चूक माझी. कोणी त्यांच्याविरुद्ध आधीच लिहून दिलंय, हे त्यांना माहीतही नव्हतं. सर्टिफिकेट परत मागवलं गेलं, शिट्टी त्यांनी आपणहून त्याच लिफाफ्यात घातली. एवढ्यावर भागलं असतं. पण बातमी शाळेत गेली आणि हेडमास्तरांना वाटलं, ज्याला खेळाचे नियम कळत नाहीत त्याच्याकडे ड्रिल कसं ठेवायचं. मास्तरांना खालच्या वर्गाची शुद्धलेखनाची तासिका दिली. सकाळी मुलं पटांगणात रांगा करायची आणि मास्तर वर्गात बसून वळणदार अक्षरांवर लाल शाई फिरवायचे.

संक्रांतीनंतर भिमाजी लोणावळ्याला आला. पडवीत बसला. अरुंधतीबाईंनी तिळगूळ दिला, तो त्याने हातातच ठेवला.

"दीनानाथभाऊ, मास्तर म्हंत्यात चूक माजी हाय. मी म्हनलं, न्हाई. गडी उटतो असं वाटून आमी कल्ला केला. अन् हुतुतूसारकं समजा म्हनून तुमी सांगितलंवतं. मंग त्येंची चूक कशी?"

दीनानाथ म्हणाले की कागदावर हात वर केलेलाच दिसतो, भिमाजी. हात कोणाचा, एवढंच विचारतात.

"मंग मी जातो सायबाकडं. सांगतो आमची चूक. मला काय करनार हायेत ते? मला काय ड्रिल शिकवायचंय का?"

दीनानाथांनी त्याला खाली बसवलं. त्र्यंबकच्या नोकरीचं नक्की होत आलंय, असं हळू आवाजात सांगितलं. आत्ता कोणी साहेबाकडे गेलं तर फाईल पुन्हा उघडेल. एकदा ऑर्डर हातात येऊ दे, मग मी स्वतः पुण्याला जाऊन मास्तरांचं सरळ करून देतो. भिमाजीने तिळगूळ या हातातून त्या हातात घेतला. मग 'बरं' म्हणाला. उठताना तिळगूळ पडवीच्या कठड्यावर ठेवून गेला. विसरला असेल, असं दीनानाथ म्हणाले. अरुंधतीबाईंनी तो उचलून आत नेला.

त्याच आठवड्यात त्र्यंबक घरी आला होता. भिमाजीचं येणं त्याला आईकडून कळलं. त्याने बापाला सांगितलं की मी साहेबांना लिहितो, मला नियम माहीत होता आणि तरी मी गेलो.

"लिही," दीनानाथ म्हणाले. "मग मे महिन्यात सामान कुठे न्यायचं तेही त्यातच लिही. आईला दापोलीचा जिना चढवेल का, तेही."

त्र्यंबकने दौत-टाक घेतला. पडवीत बसला, आत गेला, पुन्हा पडवीत आला. एक कागद फाडला, दुसरा घेतला. मग चप्पल घालून धरणाच्या बाजूला फिरायला गेला आणि परत आल्यावर त्याने पुण्याला जाण्याची पेटी भरायला घेतली. अरुंधतीबाईंनी दौतीला झाकण लावलं.

ऑर्डर होळीनंतर आली. दीनानाथांनी ती देवापुढे ठेवली. भिमाजीचा निरोप आला की आता जाता का पुन्याला. त्यांनी कळवलं की मुलगा कामावर रुजू होऊ दे. मुलगा परीक्षा देऊन रुजू झाला. मग त्यांनी कळवलं की माझी रिटायरची कागदपत्रं होऊ देत. ती झाली. त्यानंतर भिमाजीचा निरोप आला नाही आणि दीनानाथांनी एक नि:श्वास टाकला, तो सुटकेचा होता की कसला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

रेल्वेच्या टीममध्ये त्र्यंबकला घेतलं. शेडच्याच मैदानावर, शेडच्याच गड्यांबरोबर. तिथे तो टोपलीखाली मोकळा उभा राहून हात वर करतो. डिकॉस्टाकडे चेंडू असतो, डिकॉस्टा त्याच्याकडे बघतो आणि चेंडू दुसऱ्याला देतो. कोणी भांडत नाही, कोणी टोमणा मारत नाही. फक्त चेंडू येत नाही. पगार मात्र वेळेवर येतो.

नवलाख उंबऱ्याच्या जत्रेत हुतुतूचा सामना त्या साली झाला. भिमाजी स्वतः तळेगावला जाऊन मास्तरांना बोलवून आला होता. तुमच्या हाताबिगर आमचा गडी उटायचा न्हाई, असं म्हणाला होता. मास्तर आले, पण रेघेवर उभे राहायला नाही म्हणाले. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही, म्हणाले. बायामाणसं बसली होती त्यांच्या पलीकडे एका दगडावर बसून त्यांनी सामना पाहिला. नवा पंच शेजारच्या आंबी गावचा होता. त्याचा निकाल दोनदा मोडला गेला, तिसऱ्यांदा मारामारी झाली आणि सामना अर्धवट सुटला.

आता बाकी काढायची तर अशी. पेस्तनजी साहेबांना पळणारा पोरगा मिळाला, त्यांचं काही गेलं नाही. दीनानाथांनी मांडलं होतं ते सगळं वसूल झालं. द्यावं लागलं ते एवढंच, की भिमाजी तळेगावच्या फलाटावर दिसला तर गाडीच्या डब्यातून दुसऱ्या बाजूला बघायचं. त्र्यंबक थोडं थोडं देतो आहे, दर मॅचला, आणि ते कधी फिटेल असं दिसत नाही. उंबऱ्याला एक चांगला पंच होता, तो आता नाही. बाकी सगळी रक्कम एकट्या दत्तोबा मास्तरांनी एका लिफाफ्यातून भरली, आणि पावती मागितली नाही.